जुन्या बाटल्यांसाठी खणताना परवानगी कोणाची आणि कशाची

प्रश्न असा आहे. एका ओसाड वस्तीलगत ओढ्याच्या काठाची माती पावसाने वाहून गेली आणि राखेच्या काळ्या थरात जुन्या काचेचे तुकडे, चिनी मातीच्या खापऱ्या आणि दोन अखंड बाटल्या दिसल्या. प्रश्नकर्त्याने त्या दोन बाटल्या उचलून घरी आणल्या. त्या जागी कुंपण नाही, फलक नाही, आसपास कोणी राहत नाही. आता तिथे नीट खणायचे असेल तर परवानगी कोणाकडून घ्यावी लागेल, आणि निघालेल्या बाटल्या खणणाऱ्याच्या मालकीच्या होतील का?

गेली अनेक वर्षे मी परवानगी घेऊन जुने उकिरडे, बुजलेले शौचकूप आणि पाडलेल्या घरांच्या मागच्या जागा खणत आलो आहे. खणण्याच्या कौशल्याबद्दल लोक पुष्कळ विचारतात, परवानगीबद्दल फार कमी, म्हणून हा प्रश्न पाहून मला मनापासून बरे वाटले. मात्र परवानगी ही एकच गोष्ट आहे असे समजू नये. जागेवर जाण्याची परवानगी, माती हलवण्याची परवानगी आणि सापडलेली वस्तू घेऊन जाण्याची परवानगी अशा त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या तिन्ही मिळाल्यानंतरही त्या जागेला किंवा त्या वस्तूला एखादा विशेष कायदा लागू असेल तर मालकाचा होकार अपुरा पडतो.

कुंपण नसणे म्हणजे मालक नसणे नव्हे. ओसाड वस्तीची जमीन वारसांच्या नावावर असते, एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या धनकोकडे गेलेली असते किंवा सरकारजमा झालेली असते. गावाचा जुना उकिरडा बहुधा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ताब्यात असतो, आणि तो वापरातून गेला तरी ताबा सुटत नाही. रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या कडेची पट्टी मोकळी दिसली तरी ती त्या त्या विभागाची असते. लोहमार्गालगत खणण्याचा तर विचारही करू नये, कारण तिथे भराव पोखरला जाण्याचा धोका इतरांच्या जिवाशी असतो. ओढ्याच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो: काठ एकाचा आणि पात्र दुसऱ्याचे असे अनेक ठिकाणी असते, आणि पूर येऊन प्रवाह सरकला की हद्द नेमकी कुठे आहे हे जागेवर उभे राहून सांगता येत नाही. म्हणून भूमी अभिलेखात नकाशा पाहणे ही पहिली पायरी आहे. शेजारच्याने बोट दाखवून सांगितलेली हद्द मी आता मानत नाही.

यानंतरचा प्रश्न मालक आणि कब्जेदार यांच्यातल्या फरकाचा. या छंदात सर्वांत अधिक घडणारी चूक हीच आहे. जमीन कसणारा माणूस भेटतो, मोकळेपणाने हो म्हणतो, आणि खणणाऱ्याला वाटते की काम झाले. पण तो भाडेपट्ट्याने जमीन कसत असेल तर जमिनीच्या पोटातल्या वस्तू देऊन टाकण्याचा अधिकार त्याला बहुधा नसतो. इंग्लंडमध्ये १८८६ साली याच मुद्द्यावर एक निकाल झाला, तो अजूनही सांगितला जातो. ब्रिग येथे एका गॅस कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीत बांधकामासाठी खोदकाम केले आणि तिथे प्रागैतिहासिक काळातली एक लाकडी नाव सापडली. नाव कंपनीच्या खोदकामात निघाली होती, आणि ती जमिनीत आहे हे पट्टा देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तरीही न्यायालयाने नाव जमीनमालकाची ठरवली. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः या चुकीची किंमत मोजली आहे. कसणाऱ्याच्या तोंडी परवानगीवर तीन आठवडे खणल्यानंतर जमिनीचे मालक आले. ते रागावलेले होते आणि त्यांचा राग योग्य होता. सगळ्या बाटल्या मी त्यांच्या स्वाधीन केल्या आणि खड्डा त्यांच्यासमोर बुजवला. पाडकामाच्या जागीही असेच घडते. ठेकेदाराचा मुकादम आत सोडतो, पण मलब्यातल्या वस्तू ठेकेदाराच्या की मालकाच्या हे त्यांच्या करारावर अवलंबून असते, आणि मुकादमाने तो करार वाचलेला नसतो.

‘या बाटल्या तर लोकांनी टाकून दिल्या होत्या, मग त्या कोणाच्याच नाहीत’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. टाकणाऱ्याने हक्क सोडला हे खरे, पण म्हणून तो हक्क सापडवणाऱ्याकडे आपोआप येत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी जमिनीवर पडलेली वस्तू आणि जमिनीत रुतलेली वस्तू यांत भेद केला आहे, आणि रुतलेल्या वस्तूच्या बाबतीत जमीन ज्याची त्याचा हक्क वरचढ मानला आहे. १८९६ साली लिचफिल्ड येथील एका तळ्याचा गाळ काढताना एका कामगाराला सोन्याच्या दोन अंगठ्या सापडल्या. त्या अंगठ्या तळ्याची मालकी असलेल्या पाणीपुरवठा कंपनीला मिळाल्या. १९९५ साली एका सार्वजनिक उद्यानात धातुशोधक यंत्राने सापडवलेली मध्ययुगीन सोन्याची पिन उद्यानाची मालकी असलेल्या स्थानिक परिषदेकडे गेली. उद्यानात फिरायला सर्वांना मुभा होती, पण फिरण्याची मुभा म्हणजे खणण्याची मुभा नव्हे असे न्यायालयाने स्पष्ट केले. बाटली सोन्याची नसते, तरी तत्त्व तेच राहते. मालकाने ‘खणा’ म्हटले आणि बाटल्यांविषयी काहीच ठरले नाही, तर त्या त्याच्याच आहेत असे धरून चालावे. विनापरवानगी नेल्यास काही ठिकाणी तो केवळ दिवाणी वाद राहत नाही, चोरीचा आरोप होऊ शकतो.

म्हणून मी परवानगी नेहमी लेखी घेतो. पत्र एका पानाचे पुरते आणि त्याला वकिली भाषा लागत नाही, पण काही गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. जागेचे वर्णन आणि शक्य तर हाताने काढलेला नकाशा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोण कोण येणार, किती खोलीपर्यंत खणणार, यंत्र वापरणार की केवळ फावडे आणि पहार, वाहन कुठे उभे करणार, कोणते फाटक उघडून आत येणार आणि ते बंद करणार की नाही. त्यानंतर सापडलेल्या वस्तूंची वाटणी. मी बहुधा असे सुचवतो की त्या दिवशी निघालेले सगळे मालकासमोर मांडावे, त्यांनी हवे ते आधी निवडावे आणि उरलेले मी घ्यावे. बाटल्या सोडून दुसरे काही निघाले, नाणे, दागिना, शस्त्र, तर ते पूर्णपणे मालकाचे आणि कायद्याने कळवणे भाग असेल तर ते कळवले जाईल, हेही लिहावे. ‘सापडेल ते तुमचे’ असे मोघम वाक्य दोघांनाही पुढे अडचणीत आणते, कारण ते लिहिताना दोघांच्याही मनात काचेच्या चार बाटल्या असतात आणि जमिनीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. जमीन अनेक वारसांच्या नावावर असेल तर एकाची सही पुरेशी मानू नये.

सार्वजनिक जमिनीवर मालकाच्या होकारापेक्षा कायद्याचे वजन जास्त असते, आणि इथे अनुभवी संग्राहकही चुकतात. अमेरिकेतील पुरातत्त्वीय संसाधन संरक्षण कायदा १९७९ सालचा आहे. संघराज्याच्या मालकीच्या आणि तिथल्या मूलनिवासी जमातींच्या जमिनीवरील, निदान १०० वर्षे जुन्या आणि पुरातत्त्वीय महत्त्व असलेल्या वस्तू परवान्याशिवाय उकरणे, हलवणे किंवा नुकसान करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. अशा वस्तूंची उदाहरणे देताना कायद्याच्या व्याख्येने मातीची भांडी, टोपल्या आणि शस्त्रे यांच्या बरोबरीने बाटल्यांचेही नाव घेतले आहे, त्यामुळे ‘हा कायदा मोठ्या पुराणवस्तूंसाठी आहे, आमच्यासाठी नाही’ असे म्हणायला जागा उरत नाही. पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूंचे मूल्य आणि दुरुस्तीचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला तर ही मर्यादा २०,००० डॉलर आणि दोन वर्षे होते.

शंभर वर्षांची ही अट स्थिर नाही, ती दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. कायदा झाला तेव्हा १८७९ पर्यंतच्या वस्तू तिच्या कक्षेत होत्या, २०२५ साली ती कक्षा १९२५ पर्यंत आली. बाटल्या खणणाऱ्यांना सर्वाधिक ओढ असते ती हाताने तोंड घडवलेल्या बाटल्यांची, म्हणजे १९०३ साली ओवेन्स यांचे बाटल्या बनवणारे स्वयंचलित यंत्र येऊन ते सर्वत्र पसरण्याआधीच्या मालाची. साच्याची शिवण मानेवर संपते की तोंडाच्या कडेवरून जाते हे बोटाने तपासून आपण जिला जुनी ठरवतो, ती बाटली आता जवळपास नेहमीच शंभर वर्षांहून जुनी असते. गोटीच्या सोडावॉटरच्या बाटलीचे, म्हणजे कॉड बाटलीचे, पेटंट १८७२ चे आणि बिल्ल्याच्या झाकणाचे १८९२ चे. हे तपशील संग्राहक तारीख ठरवण्यासाठी पाठ करतात, पण आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हेही त्यांवरूनच कळते.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते खासगी जमिनीवर खणणाऱ्यांनीही वाचावे. राज्याचा किंवा स्थानिक कायदा मोडून मिळवलेली पुरातत्त्वीय वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणे किंवा नेणे हाही त्यानुसार गुन्हा आहे. १९९३ साली तिथल्या एका अपील न्यायालयाने, खासगी जमिनीतून विनापरवानगी काढून नेलेल्या वस्तूंनाही हे कलम लागू होते असे ठरवले. म्हणजे जमीन खासगी असली तरी चोरून खणलेला माल विकताना संघराज्याचा कायदा आडवा येतो. त्यामुळे दुसऱ्याकडून विकत घेताना ‘कुठून काढली’ हा प्रश्न मी विचारतो, आणि उत्तर टाळले गेले तर ती बाटली कितीही सुंदर असली तरी घेत नाही.

देशादेशांत कायद्याचा रोख वेगळा असतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना लागू असलेला १९९६ चा निधीविषयक (निधी म्हणजे जमिनीत सापडलेला जुना मौल्यवान ठेवा) कायदा मुख्यतः धातूच्या जुन्या वस्तू आणि नाणी यांच्याभोवती फिरतो, आणि निधी ठरू शकेल अशी वस्तू सापडल्यावर १४ दिवसांत कळवावे लागते. नुसती काचेची बाटली त्यात बसत नाही, पण निधीबरोबर एकाच ठिकाणी सापडलेली इतर वस्तूही निधीचा भाग मानली जाते. स्कॉटलंडमध्ये मात्र बेवारस वस्तू राजसत्तेची, हे तत्त्व कोणत्याही धातूपुरते मर्यादित नाही. भारतात १८७८ चा निधी कायदा जमिनीत दडलेल्या ‘कोणत्याही मूल्याच्या वस्तू’बद्दल बोलतो, आणि १९७२ चा पुरावशेष कायदा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंसाठी १०० वर्षांचीच मर्यादा धरतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात आणि त्याच्या ठरवून दिलेल्या परिसरात खणणे जवळपास सर्वच देशांत निषिद्ध आहे. लंडनमध्ये टेम्स नदीच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर तर नुसते शोधण्यासाठीही बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि तिथे सापडलेल्या ३०० वर्षांहून जुन्या वस्तू नोंदवाव्या लागतात. यांतले एका ठिकाणचे नियम दुसरीकडे लावून चालणार नाही. आपल्या जागेचा नियम संबंधित पुरातत्त्व कार्यालयात लेखी विचारावा आणि आलेले उत्तर परवानगीच्या पत्राला जोडून ठेवावे.

वन्यजीवांविषयीचे कायदे बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. जुन्या उकिरड्याची माती भुसभुशीत असते, म्हणून बिळे करणारे प्राणी तिथेच येतात. ब्रिटनमध्ये बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे वापरातले बीळ उकरणे हा १९९२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, मग खणणारा बाटल्याच शोधत का असेना. ओढ्याकाठी झाडांची मुळे हीच काठ धरून ठेवतात. ती तोडली की पुढच्या पुरात मालकाची जमीन वाहून जाते, आणि ते नुकसान कोणत्याही बाटलीने भरून येत नाही.

मालक नकार का देतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाटल्यांचा लोभ हे कारण क्वचितच असते. त्यांना भीती असते ती अपघाताची, आणि ती खरी आहे. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड टन भरते. कमरेइतक्या खड्ड्यात वाकून बसलेल्या माणसाच्या अंगावर भिंत ढासळली तर त्याला श्वास घेता येत नाही. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार पाच फूट किंवा त्याहून खोल चरात, अखंड खडक नसेल तर, भिंतींना आधार, उतार किंवा संरक्षक पेटी द्यावी लागते, आणि उपसलेली माती काठापासून किमान दोन फूट दूर ठेवावी लागते. हे नियम कामगारांसाठी लिहिलेले असले तरी माती छंदासाठी खणणाऱ्याला वेगळी वागणूक देत नाही. सर्वांत घातक सवय म्हणजे बाटल्यांचा थर दिसला की वरची माती न काढता त्याच थरात आडवे पोखरत जाणे. राखेचा थर मऊ असतो, वरची माती जड असते, आणि ढासळण्याआधी ती सूचना देत नाही. हे मी कोणालाही करू देत नाही, आणि कोणी ऐकले नाही तर त्या दिवसाचे काम थांबवतो.

जमिनीखालच्या वीजवाहिन्या, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या यांची चौकशी ओसाड जागीही करावी, कारण वस्ती उठली तरी वाहिन्या तिथून पुढच्या गावाला जात असतात. अमेरिकेत त्यासाठी ८११ हा क्रमांक आहे. इतरत्र ती ती सेवा देणाऱ्या कार्यालयांना विचारावे लागते. खणणाऱ्यांची लोखंडी सळई, जी जमिनीत खुपसून आपण काच आणि राख यांचा आवाज ओळखतो, ती अशा वेळी फावड्याहूनही धोक्याची ठरते.

मालकांची दुसरी काळजी गुरांची असते. उकिरडा उपसला की शेकडो धारदार तुकडे वर येतात आणि चरणाऱ्या जनावरांच्या खुरांत जातात. म्हणून सुरुवातीलाच एक ताडपत्री अंथरून सगळी माती तिच्यावर घ्यावी, वरची सुपीक माती वेगळी ठेवावी, फुटकी काच खड्ड्याच्या तळाशी घालावी, मग पोटातली माती थराथराने दाबत भरावी आणि शेवटी सुपीक माती व गवताचे ढेकूळ परत बसवावे. खड्डा त्याच दिवशी बुजवावा. रात्रभर उघडा राहिलेला खड्डा हा मालकाच्या डोक्यावरचा भार असतो, कारण त्याच्या जमिनीवर कोणी पडून जखमी झाले तर अनेक देशांत जबाबदारी त्याच्यापर्यंत पोहोचते. त्यासाठी अपघाताची जबाबदारी आमची, असे पत्रात लिहून द्यावे आणि शक्य असेल तर विमा काढावा. केवळ लिहून दिल्याने मालक सर्वस्वी मोकळा होतो असे मात्र त्याला सांगू नये, कारण तसे नेहमी होत नाही.

बंद बाटलीतला द्रव हा कायद्याचा आणि आरोग्याचा असा दोन्ही बाजूंचा विषय आहे. निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या बाटल्या विषासाठी केलेल्या असत. अंधारात बोटांना कळावे म्हणून त्या रेघा होत्या. आग विझवण्यासाठी फेकायच्या काचेच्या जुन्या गोळ्यांत कधी कार्बन टेट्राक्लोराइड असते, आणि त्याची वाफ यकृताला घातक असते. असे काही बुचासह निघाले तर ते उघडू नये, ओढ्यात ओतू नये, कारण पाणी दूषित करणे हा स्वतंत्र अपराध आहे. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे ते द्यावे. ॲस्बेस्टॉसचे तुकडे दिसले तर त्या जागेचा नाद सोडावा. दारूगोळा किंवा मानवी अस्थी दिसल्यास हात न लावता मागे सरावे, पोलिसांना आणि मालकाला कळवावे. तिथे पुढचा निर्णय आपला राहत नाही.

खणताना वरच्या उकिरड्याखाली अचानक वेगळ्या, फार जुन्या वस्तीचा थर लागू शकतो: जुनी खापरे, भाजलेल्या मातीची जमीन, दगडी पाया. मालकाची परवानगी उकिरड्यासाठी होती, या थरासाठी नव्हती, असे मी मानतो. छायाचित्र काढतो, खोली मोजतो, वर माती टाकतो आणि पुरातत्त्व कार्यालयाला कळवतो. उकिरड्याच्याही प्रत्येक थराची खोली आणि त्यात निघालेल्या बाटल्या मी वहीत नोंदवतो. ही नोंद नसेल तर बाटली सुंदर असूनही मुकी होते, आणि पुढे कधी वस्तू वैध मार्गाने मिळाल्याचे दाखवायची वेळ आली तर ही वही आणि ते पत्र दोन्ही उपयोगी पडतात.

आता प्रश्नातल्या ओढ्याकडे वळू. तिथे पुन्हा जाऊ नये, निदान फावडे घेऊन. आधी नकाशावरून काठ आणि पात्र यांचे मालक शोधावेत, जवळपास संरक्षित स्मारक किंवा वन्यजीव क्षेत्र नाही याची खात्री करावी, मग मालकांना दिवसाउजेडी, आधी वेळ घेऊन भेटावे. जुन्या खड्ड्याची पूर्वीची आणि बुजवल्यानंतरची छायाचित्रे जवळ असतील तर ती दाखवावीत. माझ्या अनुभवात चांगल्या बोलण्यापेक्षा नीट बुजवलेल्या जमिनीचे एक छायाचित्र अधिक काम करते. नकार मिळाला तर कारण विचारू नये आणि दुसऱ्या वारसाकडे जाऊन प्रयत्न करू नये. आणि घरी आणलेल्या त्या दोन बाटल्या पहिल्याच भेटीत सोबत न्याव्यात, नुसत्या पाण्याने धुऊन, कुठून उचलल्या ते नेमके सांगून. मालक ठेवून घेतील तर ठेवू द्याव्यात. परत दिल्या तर त्या तेव्हापासून तुमच्या.